कळपात संसर्ग आहे आणि बिऱ्हाड हलवायचंय: कोंबड्या न्याव्यात की नाही?

परडेवाला_बावडा
आधी सगळी माहिती देतो, म्हणजे नंतर उलटतपासणी नको.

जागा कसबा बावडा, घरामागचं परडं. पक्षी २२: १४ कोंबड्या (गिरिराज आणि गावरान मिसळ), ३ कोंबडे, ५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या). महिन्याभरात बिऱ्हाड गगनबावडा रस्त्याला एका वाडीत जाणार. दहा दिवसांपासून शिंका, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, रात्री खुराड्याजवळ उभं राहिलं की घरघर ऐकू येते. मेली एकच. अंडी रोजची नऊ-दहा होती ती चारवर आली. विष्ठा ठीक, मान वाकडी कुणाचीच नाही. मानमोडीची लस पिलं असताना झालेली, त्यानंतर नाही.

नव्या जागी शेजारच्या तीन घरांत मिळून ३०-३५ गावरान कोंबड्या मोकाट फिरतात. प्रश्न असे: औषध देऊन बऱ्या करून नेल्या तर चालेल का? खुराडं, डालगी, भांडी यांतलं काय न्यावं? आणि तिकडे गेल्यावर किती दिवस वेगळं ठेवावं?

रस्साप्रेमी
पक्षी २२, बिऱ्हाड हलतंय, गाव कोल्हापूर. यात प्रश्न नेमका काय आहे? :)

तलंग
रस्साप्रेमी आले म्हणजे धागा पन्नाशी गाठणार.

परडेवालादादा, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक चौथा येतो: आजार कोणता? "सर्दी झालीय" हे निदान नव्हे. शिंका आणि फेस दोन-तीन आजारांत सारखेच दिसतात, पण पुढचा निर्णय प्रत्येकात वेगळा होतो. एकात पक्षी नेता येतो, दुसऱ्यात पक्षी नेता येत नाही पण अंडी नेता येतात, तिसऱ्यात मातीसुद्धा न्यायची नसते.

उसाचा_फड
एवढं कशाला? टायलोसिन हे प्रतिजैविक पाच दिवस पाण्यातून द्या, घरघर थांबते. मग न्या. सगळे हेच करतात.

गुरांचा_दवाखाना
सगळे हेच करतात म्हणून तर हा आजार वाडीवाडीत पोचलाय.

वर्णनावरून पहिला संशय सीआरडीचा, म्हणजे रेंगाळणाऱ्या श्वसनरोगाचा; जंतू मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. फेसाळ डोळा, घरघर, मरतुक कमी, अंडी निम्म्यावर, आजार हळूहळू रेंगाळणारा: सगळं जुळतं. पण फोटो बघून किंवा वर्णन वाचून शिक्का मारता येत नाही. जवळचे सोबती असे ओळखा.

कोरायझात (जिवाणूंची सर्दी) चेहरा सुजतो, बऱ्याचदा डोळ्याखाली एका बाजूला, आणि नाकातून येणाऱ्या स्रावाला कुजका वास असतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात, त्यामुळे आठवड्यात सगळा कळप धरतो. आयएलटीत (श्वासनलिकेचा विषाणूजन्य आजार) पक्षी मान ताणून चोच उघडून श्वास घेतो आणि खाकरताना रक्ताचे शिंतोडे भिंतीवर दिसतात. मानमोडीत हिरवी पातळ विष्ठा, लुळे पंख, वाकडी मान, आणि लस नसलेल्या कळपात मरतुक इतकी की धागा काढायला वेळ मिळत नाही.

सीआरडीत औषधाने लक्षणं जातात, जंतू जात नाही. बरी दिसणारी कोंबडी बहुधा जन्मभर वाहक राहते. आणि तिला ताण बसला की जंतू पुन्हा डोकं वर काढतो. ताण म्हणजे काय? पकडणं, क्रेटमध्ये कोंबणं, गाडीचे हादरे, नवी जागा, नवं पाणी. म्हणजे तुमचं बिऱ्हाडच.

परडेवाला_बावडा
म्हणजे तिकडे पोचल्यावर चार दिवसांत परत घरघर, आणि तेव्हा शेजारच्या कोंबड्या कुंपणापाशी दाणे टिपत असणार. समजलं.

तपासणी कशी करायची? रक्त द्यायचं की मेलेली कोंबडी?

गुरांचा_दवाखाना
दोन्ही चालतं, फक्त पद्धत पाळा.

रक्ताची साधी तपासणी म्हणजे पंखाखालच्या शिरेतून थोडं रक्त, त्याचं रक्तजल (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) आणि रंगीत अँटिजेन (तपासणीचं द्रावण) काचेवर एकेक थेंब मिसळायचा. दोन मिनिटांत गुठळ्या धरल्या तर पॉझिटिव्ह. एकाच पक्ष्याचा निकाल धरू नका, पाच-सहा पक्ष्यांचं रक्त द्या. नुकतीच एखादी लस झाली असेल तर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून लसीची तारीख सांगा. घशातून किंवा श्वासनलिकेतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर पीसीआर (जंतूच्या जनुकांची तपासणी) होतो, तो जास्त खात्रीचा. प्रतिजैविक सुरू करायच्या आधी नमुना घ्या. उसाचा_फड यांच्या सल्ल्याने पाच दिवस टायलोसिन दिलंत तर जंतू दबतो आणि अहवाल "निगेटिव्ह" येऊन तुमचीच फसवणूक होते.

मेलेला पक्षी द्यायचा तर मेल्यापासून काही तासांत. दुहेरी पॉलिथिनमध्ये, बाहेरून बर्फ. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका, गोठून वितळलेल्या उती शवविच्छेदनात कामाच्या राहत नाहीत. आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, पुढे गरज पडली तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक आहे.

गूळपोळी
पाण्यात लसूण, हळद आणि कांदा घातला तरी सर्दी उतरते की. आमच्याकडे औषधाचं नाव काढत नाहीत.

तलंग
गूळपोळीताई, लसणाने पक्षी पाणी कमी पितात एवढा परिणाम नक्की दिसतो. उतरते ती सर्दी स्वतःहून उतरलेली असते. सीआरडी येतो-जातो, आणि गेला तेव्हा जे हातात असेल त्याला श्रेय मिळतं.

मास्तर_कागल
थोडं अवांतर. मानमोडीला इंग्रजी पुस्तकांत न्यूकॅसल म्हणतात, आपल्या दवाखान्यांच्या कागदांवर 'राणीखेत' लिहितात. कारण १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि आपल्याकडे कुमाऊँतल्या राणीखेतला हा आजार वेगवेगळा नोंदवला गेला, नंतर दोन्ही एकच निघाले. बिचाऱ्या थंड हवेच्या गावाला कायमचं बदनाम केलं.

रस्साप्रेमी
बरं झालं पन्हाळ्यावर नाही सापडला.

परसबाग_गडहिंग्लज
लसीचा मुद्दा सुटतोय. बिऱ्हाड हलवायच्या आधी "एकदा लासोटा देऊन टाकू" असा मोह होतो. आत्ता नको. लासोटा ही मानमोडीची जिवंत लस आहे आणि श्वसनमार्गातच वाढते. मायकोप्लाझ्मा असलेल्या कळपात दिली की दोघं मिळून धुमाकूळ घालतात आणि शिंकणारा कळप धापा टाकायला लागतो. आधी निदान, मग लक्षणं थांबू देत, मग लस, आणि लसीनंतर निदान दोन आठवडे गेल्यावर प्रवास. महिन्याभरात हे बसत नसेल तर लस नव्या जागी स्थिर झाल्यावर.

पाण्यातून देताना लोक हमखास चुकतात ते इथे: नळाचं पाणी. क्लोरीनने लस मरते. विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर ढवळून १५-२० मिनिटं थांबा, मग लस. पक्ष्यांना आधी दोन तास तहानेलं ठेवा, पाणी एवढंच द्या की तासा-दीड तासात संपेल. भांडी आदल्या दिवसापासून साबण किंवा ब्लीचिंग न लावलेली. बर्फातून आणलेली कुपी खिशात ठेवून गप्पा मारत बसलात तर लस नाही, रंगीत पाणी पाजलंत असं समजा.

उसाचा_फड
ठीक, औषधाने जंतू जात नाही हे मान्य. मग पक्षी नकोत, अंडी न्या. खुडूक कोंबडी तिकडची घ्या, तिच्याखाली आपल्या जातीची अंडी ठेवा. नवा स्वच्छ कळप. हे तरी चालेल ना?

गुरांचा_दवाखाना
कोरायझा, आयएलटी, मरेक (गाठी आणि लकव्याचा विषाणूजन्य आजार) असता तर कल्पना उत्तम होती. ते अंड्यातून पिलात उतरत नाहीत. अंडं स्वच्छ, कवचाला घाण नाही, आणि उबवण जुन्या परड्यापासून लांब, एवढं सांभाळलं की नवा कळप निघतो.

मायकोप्लाझ्मा मात्र अंड्यातूनच उतरतो. पुलोरमसुद्धा (पिलांची पांढरी हगवण). अंडी घालणाऱ्या वयात नुकताच संसर्ग झालेल्या कोंबड्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त असतं, म्हणजे परडेवाल्यांच्या कोंबड्या आत्ता नेमक्या त्याच टप्प्यावर असू शकतात. मोठ्या हॅचरी अंडी औषधात बुडवतात किंवा ठरावीक तापमानाला तापवतात, पण त्यात उबवण घटते आणि घरच्या मशिनला ते झेपत नाही. म्हणून तलंग म्हणतात ते खरं: आधी नाव कळू द्या.

दाणापाणी
औषधांचं निघालंच आहे तर दोन गोष्टी. टायलोसिन चालू असताना आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत अंडी खायची-विकायची नाहीत. आणि "श्वसनासाठी जोरदार" म्हणून दुकानात एन्रोफ्लोक्सासिन पुढे करतात, अंड्यावरच्या कोंबड्यांना ते द्यायचं नसतं. कोलिस्टिनच्या जुन्या बाटल्या कुणाच्या फडताळात असतील तर वापरू नका; खाद्यप्राण्यांसाठी त्यावर जुलै २०१९ पासून देशात बंदी आहे.

रस्साप्रेमी
आता गंभीर प्रश्न. मग खाऊन संपवल्या तर? खरंच विचारतोय.

दाणापाणी
प्रश्न रास्त आहे. सीआरडीचा जंतू माणसाला लागत नाही. अंगाने बरी, औषध न दिलेली किंवा औषधाचा काळ संपलेली कोंबडी नीट शिजवून खायला हरकत नाही. गळालेली, ताप असलेली, न खाणारी कोंबडी मात्र पातेल्यात घालू नका, ती फक्त सीआरडीने आजारी आहे हे तुम्हाला माहीत नाही. आणि अचानक एकामागून एक मरत असतील, तुरे निळे पडले असतील, तर हातच लावायचा नाही. बर्ड फ्लूमध्ये धोका ताटातल्या रश्श्याचा नसतो, तो कापताना-सोलताना असतो. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की विषाणू मरतो, पण तोवर पिसं, रक्त आणि आतडी हाताळून झालेली असतात.

मास्तर_कागल
मग कायदाही सांगून ठेवतो. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा २००९ चा आहे. मानमोडी आणि बर्ड फ्लू त्याच्या यादीत आहेत. संशय आला की मालकाने कळवायचं आणि आजारी जनावर वेगळं ठेवायचं ही जबाबदारी मालकाचीच. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता; २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ निघाला तेव्हा एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट केले आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली. अशा वेळी त्या भागातून पक्षी हलवणं हा गुन्हा होतो, बिऱ्हाड असो नाहीतर जत्रा. आमच्या कागलवाल्यांना आणखी एक: पुढे कोगनोळीला कर्नाटक लागतं. साथ चालू असली की पक्ष्यांच्या गाड्या सीमेवरून परत फिरवतात.

चिखलीकर
इथे महिनाभर आधी ठरवून चाललेल्या बिऱ्हाडाची चर्चा आहे. प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे पुरात बिऱ्हाड तीन तासांत हलतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. त्यात रोगाचा विचार कोण करणार असं वाटतं, पण पुरानंतरची मर तिथूनच सुरू होते. दहा घरांच्या कोंबड्या एका पत्र्याखाली, एकाच घमेल्यात पाणी.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. कोंबड्या ३९ च्या आधीच उंचावर न्या, कारण नंतर गाडी माणसांना लागते. प्रत्येक घराची डालगी वेगळ्या ताडपत्रीखाली, मध्ये दहा-पंधरा फूट. पाण्याचं भांडं आपलं आपल्याला, तेवढं एक जरी पाळलं तरी खूप. शिंकणारा कळप वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि पाणी उतरल्यावर परड्यातली गाळाची माती तशीच ठेवून पक्षी सोडू नका, वरचा थर खरवडून काढा, ऊन लागू द्या.

परसबाग_गडहिंग्लज
चिखलीकर, एक जोड. पूर उतरला की डास वाढतात आणि देवीचे फोड तुऱ्यावर दिसायला लागतात. डास हे देवीचं वाहन आहे. खपल्यांत विषाणू महिनोन् महिने टिकतो, म्हणून पडलेल्या खपल्या असलेलं तूस जाळायचं. लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात, सात-आठ दिवसांनी तिथे छोटी गाठ दिसली तर लागली असं समजायचं. गाठ नसेल तर टोचणं वाया.

परडेवाला_बावडा
अपडेट. आज सहा पक्ष्यांचे नमुने दिले, औषध अजून चालू केलेलं नाही. अहवाल येईपर्यंत सामानाचं बोलू. माझ्याकडे लाकडी खुराडं ६ बाय ४, बांबूची चार डालगी, जीआय पत्र्याची खाद्यपात्रं, प्लास्टिकची पाण्याची भांडी तीन, तुसाची दोन पोती (एक न उघडलेलं), आणि खाली पसरलेलं तूस.

बांबूकाम
डालगी जाळा. विणीत अडकलेली विष्ठा ब्रशने निघत नाही आणि जंतुनाशक आत पोचत नाही. नवी डालगी बुरुडाकडून घ्या, लाडाची असतील तर कांदे ठेवा त्यात.

तलंग
बाकीचं सांगते. मूळ तत्त्व एकच, घाणीवर जंतुनाशक चालत नाही. आधी खरवड, मग साबणाच्या पाण्याने घास, मग धू, मग वाळव, मग जंतुनाशक. लोक पहिली चार कामं टाळतात आणि पाचव्यावर पैसे घालवतात.

पत्रा आणि प्लास्टिक: दुकानातलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिली, पाणी ९०० मिली. दहा मिनिटं भिजत, मग धुऊन कडक उन्हात. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर लिटरला १५-२० ग्रॅम, ढवळून निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणी घ्या. पावडरचं पुडकं ओलं होऊन गोळे झाले असतील तर त्यात क्लोरीन उरलेलं नाही. पत्र्यावर जास्त वेळ ठेवू नका, गंजतो. आणि ब्लीच फिनाइलमध्ये किंवा संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, ॲसिडबरोबर विषारी वायू निघतो.

लाकडी खुराडं ६ बाय ४ असेल तर सरळ सांगते, सोडून द्या. फटीत विष्ठा, फटीत उवा-गोचिडी, फटीतच जंतू. अगदीच न्यायचं तर बसायच्या काठ्या आणि तळफळ्या फेकून नवीन घाला, सांगाडा धुऊन, वाळवून, ब्लोलॅम्पची ज्योत सगळ्या सांध्यांवरून हळू फिरवा. लाकूड काळं पडायची गरज नाही, तापायला हवं. पाण्याची बादली शेजारी ठेवून.

तूस: पसरलेलं इथेच ठेवायचं. तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग, पाणी शिंपडून दमट (मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये), वर प्लास्टिक. आत ५५-६० अंश तापमान चढतं. आठवड्याने पालथा, पुन्हा झाका. न उघडलेलं पोतंसुद्धा शेडमध्ये ठेवलं असेल तर नेऊ नका. तुसाचं पोतं केवढ्याचं आणि धोका केवढ्याचा.

उसाचा_फड
चुना मारला की सगळं मरतं असं ऐकून आहे. पोटॅशचं गुलाबी पाणी दारात ठेवलं की झालं.

गुरांचा_दवाखाना
चुना कामाचा आहे, पण मर्यादेत. जमीन कोरडी करतो आणि बरेच जिवाणू-विषाणू टिकू देत नाही. कॉक्सीच्या (रक्ती हगवणीचा परजीवी) अंड्यांवर मात्र ना चुन्याचा भरवसा ना ब्लीचचा. ती दमट मातीत वर्षभरही तग धरतात. त्यांना मारतो तो कोरडेपणा आणि उष्णता. गगनबावड्याकडे पाऊस कसा पडतो हे सांगायला नको, त्यामुळे तिकडे पिलं वाढवायची तर जमिनीवर नको, दोन फूट उंच माच करा, तळाला जाळी किंवा पट्ट्या. पिलांना रक्ती हगवण लागलीच तर ॲम्प्रोलियम २० टक्के पावडर लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस, दुसरं पाणी ठेवायचं नाही.

पोटॅशचं गुलाबी पाणी विष्ठेने माखलेली चप्पल बुडवली की तासाभरात तपकिरी होतं, मग ते नुसतं रंगीत पाणी. त्यापेक्षा खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा, तीच घालून आत, काढून बाहेर. दोनशे रुपयांचं काम आहे आणि सगळ्या फूटबाथांपेक्षा खात्रीचं.

गूळपोळी
जुनं परडं तसंच सोडून जायचं का? घरमालक पुढच्या भाडेकरूला देणार ना?

परसबाग_गडहिंग्लज
हा प्रश्न कुणी विचारत नाही, चांगला विचारलात ताई. मालकाला तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या: अमुक तारखेपर्यंत इथे अमुक आजाराच्या कोंबड्या होत्या. मायकोप्लाझ्मा आणि कोरायझाचे जंतू पक्ष्याबाहेर काही दिवसच जगतात, महिनाभर परडं मोकळं आणि कोरडं राहिलं की पुरे. मरेक असेल तर कोंड्याच्या धुळीत विषाणू कित्येक महिने राहतो, तिथे नंतर येणाऱ्याने पहिल्याच दिवशी लस झालेलीच पिलं आणावीत आणि लहानपणी या परड्यात सोडू नयेत. मरेकची लस गाठी आणि लकवा अडवते, संसर्ग अडवत नाही. लस झालेला पक्षीही विषाणू पसरवतोच.

मेलेले पक्षी पुरायचे तर तीन फुटांहून खोल, खाली-वर चुना, वर दोन फूट माती दाबून, विहिरीपासून लांब. बावड्यात नदीच्या अंगाला पावसाळ्यात तीन फुटांवर पाणी लागतं, तिथे पुरू नका. उंच बाजू बघा.

परडेवाला_बावडा
अहवाल आला. सहापैकी पाच मायकोप्लाझ्मा पॉझिटिव्ह. मानमोडी, कोरायझा नाही.

उसाचा_फड
माघार घेतो. टायलोसिनची बाटली परत फडताळात.

बावडा_ते_बोरपाडळे
मी वेगळं मत मांडतो. २२ पैकी १९-२० पक्षी आज ठणठणीत फिरतायत. बंद कळप म्हणून न्या की. बंद म्हणजे: नवा पक्षी आत नाही, जिवंत पक्षी बाहेर नाही, उबवायला अंडी कुणाला नाहीत, खायची अंडी चालतील. म्हाताऱ्या होऊन संपतील तेव्हा जागा महिनाभर रिकामी, मग नवी पिलं. महाराष्ट्रातल्या निम्म्या परड्यांत हा जंतू असेलच.

तलंग
बंद कळप हा खरा पर्याय आहे, पण तो कागदावर बंद असून चालत नाही. शेजारच्या ३५ कोंबड्या मोकाट आहेत, त्या दाण्यासाठी जाळीला चोच लावणारच. दोन जाळ्या लागतील, मध्ये निदान सहा फूट मोकळी पट्टी, जाळी अर्ध्या इंचाची म्हणजे चिमण्या आत येणार नाहीत, वर छप्पर, दाणा आतल्या अंगाला. शेजाऱ्यांची मुलं अंडी गोळा करायला आत येतील, त्यांच्या पायांचं काय? आणि "निम्म्या परड्यांत असेलच" हा अंदाज बरोबर असला तरी त्या तीन घरांत आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. त्यांच्याकडे नसेल आणि आपण नेला, तर वाडीत पहिल्याच महिन्यात आपली ओळख काय होणार?

गुरांचा_दवाखाना
बोरपाडळेकरांचा पर्याय एकट्या शेतातल्या घराला योग्य. वाडीत, ३०-४० फुटांवर दुसऱ्याचे पक्षी असताना मी सुचवणार नाही. नवीन पक्षी ३० दिवस वेगळे ठेवायचे हा नियम अशा कळपाला लागूच पडत नाही, हे लक्षात घ्या. वेगळं ठेवण्याने उघड होतो तो आजार ज्याचा अवधी संपतो. वाहकाला तीस दिवसांनी काय, तीनशे दिवसांनीही बाहेर काढलं तरी तो वाहकच.

माझा क्रम असा: औषध नको. अंगाने बऱ्या असलेल्या इथेच खाण्यात संपवा, जिवंत कुणाला विकू-देऊ नका, वडगावच्या बाजारात तर नकोच. कण्हणाऱ्या एक-दोन आजच मान ताणून संपवून पुरा, हात बसलेल्या माणसाकडून. शेवटचा पक्षी संपला की परडं साफ. तुम्ही तिकडे रिकाम्या हातांनी जा. नवी जागा आधीपासून कोरी आहे, तिथे थांबायची गरज नाही, पण माच, दोन जाळ्या आणि पाण्याची सोय आधी करा, पक्षी नंतर. पिलं एका ठिकाणाहून, एका वयाची, मरेकची लस झालेली. पाच-सात दिवसांनी लासोटा डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरोची लस, महिन्याने पुन्हा लासोटा, आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीचीच आर-टू-बी लस टोचून. आणि एवढं करून शेजारच्यांनाही त्याच दिवशी लस घ्यायला लावा. शंभर मात्रांची कुपी दोन तासांत संपवायची असते, तुमच्या पंधरा पिलांनी ती संपणार नाही.

रस्साप्रेमी
म्हणजे पहिल्या प्रतिसादात मी जे म्हणालो तेच, फक्त तीस प्रतिसाद आणि पाच पॉझिटिव्ह नमुन्यांनंतर. पत्ता पाठवा.

तलंग
औषध दिलेलं नाही म्हणून तुमचं खरं ठरलं. पहिल्याच दिवशी उसाचा_फड यांचं ऐकलं असतं तर दाणापाणी यांनी तुम्हाला ताटावरून उठवलं असतं.

परडेवाला_बावडा
ठरलं, पक्षी न्यायचे नाहीत. पाच तलंगांचं वाईट वाटतं, पण ठीक. शेवटचा एक प्रश्न: खाद्यपात्रं आणि धुतलेली भांडी सामानाच्याच छोट्या हत्तीत (टेम्पोत) टाकली तर चालतील ना? पक्षी तर नसणारच.

बांबूकाम
भांडी चालतील. पण हौद्याला आधी विचारा. त्या गाडीने आदल्या दिवशी ब्रॉयलरची क्रेटं वाहिली असतील तर तुम्ही इथलं सगळं धुऊन तिकडे दुसऱ्याचं घेऊन जाल. हौद्याच्या कोपऱ्यात पिसं दिसली की साबण, पाणी, ब्लीच, आणि ड्रायव्हरच्या पायाखालची चटईसुद्धा.